रात्रभर बुडवलेलं भांडं: वाटणाच्या मिक्सरचं एक प्रकरण

नाव, पत्ता आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाकी जे घडलं ते घडलं तसं. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत २२ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, त्यामुळे शेजारपाजारचं बिघडलेलं काहीही आधी माझ्याकडे येतं. या प्रकरणात माझा सल्ला एकदा साफ चुकला. तोही खाली आहे.

पार्श्वभूमी

सुनंदाताई सिडकोत राहतात. पाच वर्षांपासून घरून मिसळीचं वाटण करून विकतात. नाशिकमध्ये रविवारची सकाळ मिसळीची, म्हणून वाटण शनिवारी संध्याकाळपर्यंत घरोघर पोचवायचं. कांदा खरपूस परतायचा, सुकं खोबरं भाजायचं, आलं-लसूण, थोडी खसखस, काळा मसाला, आणि सगळं गंधासारखं मऊ वाटायचं. गिऱ्हाईक त्यात फक्त पाणी आणि मटकी घालतं. नेहमीची चाळीसेक घरं आहेत. पाकिटावर अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक छापलेला असतो, आणि ताईंना त्याचा रास्त अभिमान आहे.

यंत्र म्हणाल तर एकच, ७५० वॅटचा घरगुती मिक्सर. मोठं दीड लिटरचं भांडं ओल्या वाटणाला, मधलं कोरड्या मसाल्याला, छोटं चटणीचं. शनिवारी साधारण सहा किलो वाटण निघतं, म्हणजे मोठ्या भांड्याचे दहा घाणे. पुस्तिकेत लिहिलं आहे, ५ मिनिटं चालवा, २ मिनिटं थांबवा, असं एकूण ३० मिनिटं. ताई ते पाळतात. ओट्यावर भिंतीचं घड्याळ त्यासाठीच लावलंय. यंत्राला राबवून मारलं असा आरोप त्यांच्यावर कोणी करू शकणार नाही.

स्वच्छतेचं तर विचारूच नका. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

अडचण कशी सुरू झाली

गेल्या हिवाळ्यात नोव्हेंबरच्या शेवटी थंडी पडली. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर यायला लागला की आमच्याकडे नळाचं पाणी हाताला झोंबतं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, हे प्रत्येक घरात बाटलीवरून कळतं. पण तेच तेल खोबऱ्याच्या वाटणातही असतं, आणि पात्याखालच्या खळग्यात, भांड्याच्या तळाला, झाकणाच्या रबराच्या खाचेत ते पांढऱ्या मेणासारखं बसतं, हे कोणी लक्षात घेत नाही. गार पाण्याने कितीही घासा, बोटाला बुळबुळ लागतेच.

ताईंनी त्यावर स्वतःच उपाय शोधला. शनिवारी रात्री काम संपलं की बादलीत कढत पाणी, त्यात भांडी घासायच्या साबणाची पूड, आणि तिन्ही भांडी पात्यासकट आत बुडवायची. सकाळी काढली की लखलखीत. मी स्वतः पाहिलंय, आरशासारखी चमकायची.

डिसेंबरच्या मध्याला पहिली खूण दिसली. मोठं भांडं उचललं की मिक्सरच्या खाचेत, कपलरभोवती (मोटरचा फेरा भांड्यातल्या पात्याला देणारा दातेरी जोड), काळपट ओल. ताईंनी ती कापडाने पुसली. पुढच्या शनिवारी पुन्हा. त्यानंतरच्या आठवड्यात चालता चालता कपलरचे दात झिजून मोटर नुसतीच फिरायला लागली आणि पातं जागच्या जागी. घराजवळच्या दुकानात कपलर बदलून आणला, मजुरीसकट १२० रुपये. तीन आठवड्यांत दुसरा कपलरही गेला. पुन्हा १२०.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कपलर हा मुद्दाम कमजोर ठेवलेला भाग आहे. पातं अडकलं तर कपलर तुटावा आणि मोटर वाचावी, अशी ती योजना. कारखान्यातही अशा पिना असतात. एक पिन तुटली तर बदलायची. महिन्यात दुसरी तुटली तर पिन बदलणं थांबवून पुढे काय अडतंय ते बघायचं. दुकानदाराने ते बघितलं नाही, आणि त्याला दोष तरी काय द्यायचा? त्याच्याकडे फक्त मिक्सरचा खालचा भाग गेला होता. भांडी घरीच होती.

माझा सल्ला, आणि तो का फसला

संक्रांतीच्या आठवड्यात ताई माझ्याकडे आल्या. तिळकुटाच्या ऑर्डरी डोक्यावर होत्या. म्हणाल्या, "भाऊ, मोटरच गेली असेल तर आत्ताच सांगा, मी नवीन आणते."

मी भांडं हातात घेतलं. तार काढलेली होतीच, भांडं वेगळं होतं, म्हणून पातं बोटांनी कडेने धरून सावकाश फिरवलं. ते जड फिरत होतं आणि मध्येच खरखरत होतं. बाजूला हलवलं तर किंचित हललं. मग भांड्यात दोन पेले पाणी ओतून ते वर्तमानपत्रावर ठेवलं. पंधरा मिनिटांत कागदावर रुपयाएवढा ओला गोल उमटला, कडेला करडा.

निदान बरोबर होतं. भांड्याच्या तळाशी पात्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्या धातूच्या नळीत फिरतो, तो बुश झिजला होता आणि वरचं रबराचं सीलही. इलाज मात्र मी आळशी सांगितला. संक्रांत चार दिवसांवर, दुकानात भांडं टाकलं तर दोन दिवस जाणार. म्हणून म्हटलं, "सणापुरतं बुशात दोन थेंब खायचं तेल सोडा. मशीनचं तेल नको, जिन्नस खाण्याचा आहे." इतपत शहाणपण माझ्यात होतं. त्यांच्या घरात खायचं तेल म्हणून हाताशी खोबरेल होतं, आणि मीही मान डोलावली.

दोन दिवस मिक्सर लोण्यासारखा चालला. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ताईंनी बटण फिरवलं, मोटर घुमली, पातं हललंच नाही, आणि जास्त भार आला की मोटर बंद पाडणारं खालचं लाल बटण खटकन बाहेर आलं. रात्रीच्या थंडीत खोबरेल बुशातच गोठलं होतं. ज्या गोठण्यापायी हे सगळं सुरू झालं, तेच मी नेमकं बुशात ओतलं होतं. बावीस वर्षं मशीनना वंगण दिलेल्या माणसाला हे सुचू नये, याची मला अजून लाज वाटते. गोठलं नसतं तरी खायचं तेल हवेला लागून चिकट होतं आणि खवट होतं. बुशात ते वंगण म्हणून टिकत नाही.

भांडं कोमट पाण्याने शेकून, दहा मिनिटं थांबून लाल बटण आत दाबलं आणि तिळकूट कसंबसं पार पडलं. त्या शनिवारचं वाटण मात्र पार पडलं नाही.

निर्णयाची पहिली जागा: सहा किलो वाटणाचं काय करायचं

नवव्या घाण्याला ताईंना वाटणात करड्या रेघा दिसल्या. केसाएवढ्या बारीक. खोबऱ्याच्या फिक्या रंगावर दिसल्या म्हणून दिसल्या, काळा मसाला आधीच घातला असता तर कळलंही नसतं. बोटावर घेऊन वास घेतला. वंगणाचा.

आठ घाणे आधीच मोठ्या पातेल्यात एकत्र झाले होते. समोर तीन वाटा होत्या. शेवटचे दोन घाणे टाकून बाकीचं विकावं. सगळं टाकावं. किंवा वरवर काळं काढून मसाला घालून द्यावं, कारण कोणाला कळणार? तिसरी वाट घरातल्याच एकाने सुचवली होती. कोण ते लिहीत नाही.

पहिली वाट वरकरणी समंजस दिसते. पण रेघा नवव्या घाण्यात सुरू झाल्या की नवव्यात दिसल्या, हे सांगता येत नव्हतं. बुशाची झीज आणि जुनं ग्रीस एका क्षणात वर येत नाही, ते हळूहळू येतं. ताईंनी सगळं टाकलं. अठराशे-एकोणीसशे रुपयांचा माल होता. "मी माझ्या पोरांच्या ताटात वाढलं नसतं," एवढंच बोलल्या.

मग गिऱ्हाइकांना काय कळवायचं? मी म्हटलं, "मिक्सर बिघडला, या आठवड्यात वाटण नाही, एवढं पुरे." त्यांनी मोबाइलवर लिहिलं त्यात मिक्सर बिघडल्याचं होतंच, शिवाय वाटणात भांड्याचं काळं उतरलेलं दिसलं म्हणून सगळं टाकून दिलं, हेही होतं. मला ते जास्तीचं वाटलं. अजूनही नक्की ठरवता येत नाही.

पर्याय तोलले ते असे

दोन आठवडे वाटण बंद ठेवून विचार करायचं ठरलं. खरं तर हा निर्णयच सगळ्यात कामाचा ठरला, कारण शनिवार डोक्यावर असताना माणूस फक्त शनिवारपुरताच विचार करतो.

नवा मिक्सर: त्याच ताकदीचा चार-साडेचार हजारांना. ताईंचा कल याकडेच होता. माझा विरोध एका कारणाने होता: मोटर ठणठणीत होती. भांड्याशिवाय चालवली तर आवाज एकसारखा, ठिणग्या नाहीत, जळका वास नाही. शिवाय भांडी का झिजली हे कळल्याशिवाय नवी आणली तर तीही तशीच झिजणार.

फक्त नवं मोठं भांडं: अकराशेच्या आसपास. सोपं. पण मधलं भांडंही थोडं हलायला लागलं होतं, म्हणजे दोन भांडी घ्यावी लागली असती.

बुश-शाफ्ट बदलून घेणं: भांड्यामागे दोनशे-अडीचशे. भीती एवढीच की सुटा भाग कोणत्या दर्जाचा बसेल याची खात्री नाही.

टेबलावरचा दगडी ग्राइंडर: हा ताईंच्या भावाने सुचवला. इडलीच्या पिठाला उत्तम, पण सुक्या भाजक्या खोबऱ्याला आणि थोड्या थोड्या घाण्यांना गैरसोयीचा, आणि दगड धुणं हे वेगळंच काम. लगेच बाद.

आम्ही तिसरा पर्याय धरला आणि ठरवलं की तिन्ही भांडी आणि मिक्सर एकत्रच न्यायचे. आधीची चूक तीच होती, यंत्राचे तुकडे करून वेगवेगळ्या माणसांना दाखवणं.

मिस्त्रींचा प्रश्न

जुन्या नाशकात, भांडी बाजाराच्या अलीकडे एका बोळात एक मिस्त्री बसतात. वय सत्तरीच्या आतबाहेर. दुकान म्हणजे एक फळी, एक दिवा आणि डब्यांत वेगवेगळ्या मापाचे बुश. त्यांनी मोठं भांडं उलटं केलं, कपलर पकडीत धरून उलट्या आट्याने सोडवला आणि दिव्याखाली धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नखाने कपलरच्या आतल्या बाजूचा पांढरा थर खरवडून ताईंना दाखवला.

"ताई, हे भांडं पाण्यात झोपतं काय?"

तो थर साबणाचा होता. खालच्या बाजूला, जिथे साबण कधी पोचायलाच नको.

मी वर्तमानपत्राची चाचणी केली तेव्हा पाणी वरून खाली गळताना पाहिलं आणि सील गेलं म्हणून मोकळा झालो. सील का गेलं, हा प्रश्न मी विचारलाच नाही. मिस्त्रींनी समजावलं ते असं. सील असतं वरच्या बाजूला, पात्याखाली, कारण वाटण वरून येतं. खालून पाणी येईल असं भांडं बनवणाऱ्याने धरलेलंच नसतं. आत पाणी भरून भांडं दिवसभर ठेवलं तरी चांगलं सील ते अडवतं. पण अख्खं भांडं बादलीत बुडवलं की साबणाचं कढत पाणी खालून, कपलरच्या बाजूने, थेट बुशात शिरतं. अशा बुशांचा धातू बरेचदा सच्छिद्र असतो आणि त्या छिद्रांत तेल मुरवलेलं असतं, म्हणून तो वर्षानुवर्षं वंगणाशिवाय चालतो. साबण आणि उष्णता मिळून ते तेल बाहेर ओढतात. मग शाफ्ट कोरडा घासतो, बुश अंडाकृती झिजतो, शाफ्ट डगमगतो, डगमगणारा शाफ्ट वरचं सील खातो. आणि जड फिरणाऱ्या शाफ्टपायी कपलरचे दात जातात.

म्हणजे अस्वच्छतेने काही बिघडलंच नव्हतं. दर शनिवारी रात्रीच्या त्या सोपस्काराने बिघडलं होतं. ताईंचा चेहरा बघवत नव्हता. "मी तर जास्तच धुवायचे," त्या म्हणाल्या. मिस्त्री हसले: "जास्त धुणाऱ्या बायकांवरच माझं घर चालतं."

काय केलं

मोठ्या आणि मधल्या भांड्याचे बुश, शाफ्ट आणि सील बदलले. छोटं तसंच ठेवलं. मिक्सरचा कपलर तिसऱ्यांदा बदलला. खालचं झाकण उघडून मोटरच्या पोटातला वाळलेला मसाला ब्रशने झाडला. कपलरच्या खाचेत सांडलेलं बाहेर जावं म्हणून एक भोक असतं, ते मसाल्याने पार बुजलेलं होतं. काडीने मोकळं केलं. एकूण खर्च ६४० रुपये. आधीचे दोनदाचे १२० धरले तर ८८०, आणि टाकलेलं वाटण वेगळं.

धुण्याची पद्धत बदलायला मात्र त्याहून जास्त वेळ गेला. ताईंनी दोन-तीन शनिवार वेगवेगळं करून पाहिलं. शेवटी टिकली ती अशी: शेवटचा घाणा काढला की भांडं गार होऊ द्यायचंच नाही. मूठभर तांदळाची कणी टाकून दोन-तीनदा फिरवायची. कणी तेल पिऊन घेते आणि पात्याखालचं वाटणही ओढून आणते. (कणीने पात्याला धार येते असं पुष्कळ जण सांगतात, माझा त्यावर विश्वास नाही. पण साफ होतं हे खरं.) मग अर्धं भांडं कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, झाकण लावून वीस सेकंद. पाणी कढत लागत नाही, तेल २४ अंशांवर वितळतं, हाताला सोसेल एवढं ऊन पुष्कळ झालं. उकळतं पाणी घालून मिक्सर फिरवला तर वाफेने झाकण उडतं, ते वेगळंच संकट. पुन्हा दोनदा साधं पाणी. पात्याखाली बाटली धुण्याचा ब्रश. झाकणाचं रबर काढून वेगळं धुवायचं, कारण खवट वासाचं खरं घर तिथेच असतं. भांडं पालथं घालून वाळवायचं. बादली बंद.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा एक लोकप्रिय उपाय ताईंच्या भावजयीने आणला होता. फेस छान येतो. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि मागे उरतं जवळजवळ खारट पाणी. रबराला वास बसला असेल तर नुसत्या सोड्याची पेस्ट दहा मिनिटं लावलेली बरी.

शिवाय महिन्याच्या पहिल्या सोमवारी वर्तमानपत्राची चाचणी. दोन पेले पाणी, पंधरा मिनिटं, कागद कोरडा की ओला ते कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं. कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो तसा.

निष्पत्ती

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी वाटण पुन्हा सुरू झालं. चाळीसपैकी दोन घरं परत आली नाहीत. एका घराने स्पष्ट सांगितलं की काळं उतरल्याचं वाचल्यावर मन होईना. उलट एका बाईंनी तोच मजकूर शेजारणीला पाठवला आणि तिथून तीन नवी घरं जोडली गेली. हिशेब जुळला म्हणून ताईंचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. तीन घरं आली नसती तरी त्यांनी तेच लिहिलं असतं.

दहा महिने झाले, मोठ्या भांड्याचा कागद प्रत्येक वेळी कोरडा. मधल्याचा जूनमध्ये एकदा ओलसर निघाला, पण ते पेल्यातून सांडलेलं होतं असं नंतर ठरलं. कपलर अजून तिसराच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या काळ्या ओलीलाच थांबायला हवं होतं. मिक्सरच्या खाचेत आलेलं काळं पाणी पुसून टाकण्याजोगी घाण वाटतं, आणि व्यवस्थित घरात ते सगळ्यात लवकर पुसलं जातं. तिथेच खूण हरवते. डिसेंबरच्या मध्यालाच भांडं मिस्त्रींकडे गेलं असतं तर बहुधा नुसत्या सीलवर भागलं असतं.

माझ्याकडून दोन गोष्टी. तेलाची सांगितलीच. दुसरी ही की मी ताईंना "काय होतंय" हे विचारलं, "काम संपल्यावर तुम्ही याचं काय करता" हे नाही विचारलं. कारखान्यात बिघाड झाला की आम्ही आधी ऑपरेटरशी बोलायचो, मग मशीनला हात लावायचो. ओट्याजवळ उभं राहिल्यावर ती सवय कुठे गेली कोण जाणे. कदाचित स्वयंपाकघरात धुण्याबद्दल प्रश्न विचारणं म्हणजे स्वच्छतेवर शंका घेणं, असं मला वाटलं असावं. मिस्त्रींना ते वाटलं नाही.

सणाच्या आठवड्यात शेजारून भांडं मागून आणता आलं असतं. त्याच कंपनीचा मिक्सर आमच्याच जिन्यात दोघांकडे आहे. हे आम्हाला मार्चमध्ये सुचलं.

एक जागा अजून मोकळी आहे. छोट्या चटणीच्या भांड्याचा बुश आम्ही बदलला नव्हता, पण बादलीत तेही तितकेच शनिवार झोपलेलं आहे. नोव्हेंबरच्या कागदावर त्याच्याखाली एक बारीक करडा ठिपका आला. ताईंनी कॅलेंडरच्या चौकोनात "छोटं – ठिपका" एवढं लिहिलं आणि खाली मिस्त्रींकडे जायचा वार टाकला. मंगळवार. शनिवारच्या आधीचा.